घर कितीचं होतं, हे आधी सांगू नका

मराठी वृत्तपत्रं, वाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळं यांच्या संपादकांना,

सविनय नमस्कार.

परवा ७ जानेवारीला आमच्या आगीला वर्ष झालं. त्या दिवशी धाकट्या बहिणीने भारतातून एक मराठी बातमी पाठवली. वर्षापूर्वी लॉस एंजेलिसच्या वणव्यात कुणाकुणा सिनेतारकांचे बंगले खाक झाले, त्याची ती यादी होती. बारा फोटो, प्रत्येक फोटोखाली नाव, आणि नावापुढे कंसात घराची किंमत, रुपयांत, कोटींमध्ये. बारा नावं संपली आणि बातमीही संपली. खाली लोकांनी लिहिलं होतं ते मी वाचलं. "बरं झालं." "पापाचा पैसा." "यांना काय फरक पडतो, दुसरं घेतील." बहिणीने विचारलं होतं, "ताई, ही तुमच्याकडचीच ना?"

हो, आमच्याकडचीच. मी अल्टाडीनाला, लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरपायथ्याच्या वस्तीत, राहते. राहत होते असं म्हणायची सवय अजून लागलेली नाही. लेक ॲव्हेन्यू या मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला आमचं दोन बेडरूमचं लाकडी घर होतं, १९४१ साली बांधलेलं. तिथे आम्ही सोळा वर्षं काढली, मुलगी तिथेच लहानाची मोठी झाली. मी एका शाळेत हिशेबाचं काम करते. माझा सिनेमाशी तिकीट काढण्यापलीकडे संबंध नाही. तरीही हे पत्र सिनेतारकांच्या जळलेल्या घरांबद्दल आहे, कारण त्या घरांवर लोक जे हसले ते हसणं आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलं, आणि ते हसू सुरू कुठे झालं याचा विचार करत गेले तेव्हा मला आपल्या बातमीतला तो किमतीचा कंस दिसला.

आधी त्या रात्रीबद्दल थोडं सांगते. ७ जानेवारी २०२५ ला सकाळी पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये समुद्राच्या बाजूला आग लागली. ते आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर दूर. दिवसभर टीव्हीवर तेच चालू होतं. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या डोंगरात, ईटन कॅन्यनमध्ये, दुसरी पेटली. वारा असा होता की उभं राहता येत नव्हतं. सँटा ॲना वारे इथे दर हिवाळ्यात येतात, वाळवंटाकडून समुद्राकडे, कोरडे ठणठणीत. पण त्या दिवशी झोत ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर गेले होते. आधीची दोन वर्षं भरपूर पाऊस झाला म्हणून डोंगरावर गवत-झुडपं माजलेली, आणि मे २०२४ नंतर पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून ती सगळी काडीसारखी वाळलेली. वाऱ्यामुळे रात्री पाणी टाकणारी विमानंही उडू शकली नाहीत. वीज गेली, फोन लागेना.

लेक ॲव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या लोकांना संध्याकाळीच घरं सोडायला सांगितलं गेलं. आम्हाला, पश्चिमेकडच्यांना, तो आदेश आला पहाटे तीन वाजून गेल्यावर. तोपर्यंत आमच्या भागात घरं पेटलेली होती. आम्ही वाचलो ते समोरच्या आजोबांमुळे. एक्क्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. रात्री दोनच्या सुमारास ते गाडीत बसले आणि हॉर्नवर हात दाबून ठेवून संपूर्ण गल्ली दोनदा फिरले. त्या आवाजाने जाग आली तेव्हा खिडकीबाहेर ठिणग्या पावसासारख्या आडव्या पडत होत्या. ईटनच्या आगीत १९ माणसं गेली. जवळजवळ सगळी लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेची, बहुतेक म्हातारी, काहींना चालताही येत नव्हतं. एक वडील आणि त्यांचा अपंग मुलगा मदतीची वाट बघत घरातच गेले.

९ तारखेला भारतातून मावशीचा फोन आला. माझी मावशी प्रेमळ आहे, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तिच्याविषयी कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी फोन उचलताच ती म्हणाली, "अगं, त्या पॅरिस हिल्टनचं घर गेलं म्हणे! बघ, पैशाचा माज कसा उतरतो." आणि ती हसली. मग विचारलं, "तुमचं ठीक आहे ना सगळं?" मी म्हटलं, "आमचंही गेलं, मावशी." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती रडायला लागली आणि माझी क्षमा मागत राहिली. मी तिला काय म्हणणार? तिने सकाळी जे वाचलं होतं तेच ती बोलली होती.

आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? नोव्हेंबर २०१८ मध्ये मालिबूला वुल्सीची आग लागली तेव्हा शाळेच्या ऑफिसात आम्ही सगळ्याजणी नटनट्यांची, गायकांची नावं वाचत होतो. मायली सायरसचं घर गेलं, जेरार्ड बटलरचं अर्धं गेलं, नील यंगचं गेलं. मी म्हटलेलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, "इन्शुरन्स असेलच त्यांचा." म्हणजे वाईट वाटायचं कारण नाही. त्याच दिवशी, ८ नोव्हेंबरलाच, याच राज्याच्या उत्तरेला पॅरडाइस नावाचं गाव जवळजवळ पूर्ण जळालं. त्यात ८५ माणसं मेली, १८ हजारांवर इमारती गेल्या. निवृत्त, थोडक्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसांचं ते गाव. आम्ही ऑफिसात बसून मालिबूचे फोटो बघत होतो, आणि मेलेल्यांचा आकडा वाढत गेला तेव्हा कुठे पॅरडाइस हे नाव आमच्या कानावर आलं. ते माझ्या मनात सात वर्षं आहे. म्हणून मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाहीये. मी तीच वाचक होते जिला डोळ्यांपुढे ठेवून आपण मथळे लिहिता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार किमतीबद्दल आहे. "अमुक कोटींचा बंगला खाक" असं आपण लिहिता तेव्हा वाचकाच्या मनात घर जळण्याआधी पैसे जळतात. पैसे जळाले की मजा वाटते, विशेषतः ते दुसऱ्याचे आणि भरपूर असले की. आणि ती किंमत खरीही नसते. इथे घराच्या किमतीतला मोठा भाग जमिनीचा असतो. जमीन जळत नाही. जळतं ते लाकूड आणि आतलं सगळं. माझंच घर घ्या. अल्टाडीनातल्या साध्या घराची बाजारातली किंमत रुपयांत मोजली तर दहा कोटींच्या आसपास जाते. आपल्या पद्धतीने मथळा करायचा तर "शाळेतल्या कारकुनाचा दहा कोटींचा बंगला खाक" असा होईल, आणि त्यात एकही शब्द खोटा नसेल. त्या दहा कोटींतला अर्ध्याहून जास्त भाग बँकेचा होता. तो अजूनही आहे. घर नाही, पण घराचा हप्ता आहे, आणि ज्या भाड्याच्या घरात राहतो त्याचं भाडं वेगळं. विम्याचे पैसे आले, पण आज बांधायला जेवढे लागतात तेवढे नाहीत.

"विमा असेलच" हे माझंच २०१८ चं वाक्य, म्हणून त्यावरही लिहिते. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात घरांचा विमा देणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीने ७२ हजार पॉलिसी पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. त्यांत पॅलिसेड्समधल्या सोळाशेच्या आसपास होत्या. ज्यांना कुणी विमा देत नाही त्यांच्यासाठी फेअर प्लॅन नावाची शेवटची सोय आहे. तिची घरासाठीची कमाल मर्यादा ३० लाख डॉलर. पॅलिसेड्सला पन्नास वर्षांपूर्वी शिक्षकाच्या पगारात घर घेतलेली म्हातारी जोडपी होती. त्यांचं घर कागदावर कोट्यवधींचं, आणि खात्यात पेन्शन. तीही "श्रीमंतांची वस्ती" या दोन शब्दांत बसवली गेली.

दुसरी तक्रार माणसांबद्दल. विनोदी नट बिली क्रिस्टल आणि त्यांची पत्नी पॅलिसेड्समधल्या त्यांच्या घरात १९७९ पासून राहत होते. शेहेचाळीस वर्षं. मुलं तिथे वाढली, नातवंडं तिथे खेळली. ३० जानेवारीला आगग्रस्तांच्या मदतीसाठी फायर-एड हा मोठा गाण्याचा कार्यक्रम झाला. त्यात ते बोलायला उभे राहिले ते घर सोडून पळताना अंगावर होते तेच कपडे घालून. मायलो व्हेंटिमिग्लिया या नटाने घरातल्या सुरक्षा-कॅमेऱ्यांतून, फोनवर, स्वतःचं घर पेटताना पाहिलं. बायकोचे दिवस भरत आले होते. मी त्यांची एकही मालिका पाहिलेली नाही, पण फोनच्या चौकोनात आपली बैठकीची खोली केशरी होताना बघणं म्हणजे काय, ते मला समजतं. आमच्या दारावरचा कॅमेरा रात्री तीन वाजून अकरा मिनिटांपर्यंत चालू होता. शेवटच्या चित्रात तुळशीची कुंडी दिसते. तिच्या मागे सगळं पांढरं आहे.

राखेत आम्ही तीन आठवड्यांनी गेलो. अंगभर पांढरा कागदी झगा, तोंडावर मास्क, हातात पीठ चाळायच्या चाळणीसारखी मोठी लोखंडी चाळणी. गाडीची ॲल्युमिनियमची चाकं वितळून उतारावरून ओघळली होती आणि गटाराच्या तोंडाशी थिजली होती, चांदीच्या पातळ पट्टीसारखी. सासूबाईंच्या पितळी समईचा मुठीएवढा गोळा झाला होता. बिडाचा तवा तेवढा तसाच सापडला, तांबूस गंजलेला. बाबांची पत्रं कुठल्या खोलीत होती हे ठाऊक असूनही ती खोली कुठली हे ओळखता आलं नाही, कारण भिंतीच नव्हत्या. हे सगळं बिली क्रिस्टल यांनीही केलं असेल. त्यांच्याकडे दुसरं घर घ्यायला पैसे आहेत, माझ्याकडे नाहीत. हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण चाळणी हातात घेऊन उभं राहण्यात फरक नाही.

नट जेम्स वुड्स यांच्या बाबतीत जे झालं ते मला अजून टोचतं. ते आगीच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बोलत होते. ९४ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या एका शेजाऱ्याला त्यांनी घरातून बाहेर काढलं होतं. मग पत्नीची आठ वर्षांची भाची आपला पैसे साठवायचा डबा घेऊन आली, घर पुन्हा बांधायला म्हणून, हे सांगताना ते रडले. काही तासांत लोकांनी त्यांची जुनी राजकीय मतं उकरून काढली आणि त्यांना हेच मिळायला हवं होतं, असं म्हणू लागले. मलाही त्यांची मतं पटत नाहीत, बरीचशी तर मुळीच नाहीत. पण मतांचा हिशेब मतांनी करायचा असतो. पुढे त्यांचं घर उभंच असल्याचं कळलं, तेव्हा त्यावरूनही त्यांची टर उडवली गेली. घर गेलं तरी हसायचं, राहिलं तरी हसायचं.

गायिका आणि नटी मँडी मूर ही आमच्या अल्टाडीनाची. तिच्या घराचा काही भाग उभा राहिला, नवऱ्याचा स्टुडिओ गेला. दीर-जाऊ यांचं घर पूर्ण गेलं आणि त्यांना लवकरच बाळ होणार होतं. तिने त्यांच्यासाठी लोकांनी उभारलेल्या मदतनिधीची माहिती पुढे पाठवली, तर "तू स्वतः का देत नाहीस" म्हणून लोक तुटून पडले. हा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. श्रीमंताने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा, हे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. पण दीर म्हणजे ती नव्हे. तो बँडमध्ये ड्रम वाजवणारा माणूस. नात्यात एक ओळखीचं नाव असलं की बाकी सगळ्यांची गरज संशयास्पद ठरते, हे त्या आठवड्यात आम्ही पाहिलं.

तिसरी तक्रार : "हॉलिवूड जळालं" हा मथळा. हॉलिवूडची टेकडीवरची अक्षरं पेटल्याची चित्रं जगभर फिरली. ती यंत्राने बनवलेली खोटी चित्रं होती. ती अक्षरं जळाली नाहीत. हॉलिवूडच्या टेकड्यांत ८ तारखेला संध्याकाळी एक आग लागली होती, ती रातोरात आटोक्यात आली. माझ्या भाचीने ते खोटं चित्र एका मराठी बातमीतून मला पाठवलं होतं. दुरुस्ती छापली गेली असेल तर ती माझ्यापर्यंत आली नाही.

आणि तरीही हॉलिवूड जळालं हे एका अर्थाने खरं आहे, फक्त ते आपण छापलेलं हॉलिवूड नव्हे. अल्टाडीनात सिनेमाचे सुतार राहायचे, रंगारी, दिवेवाले, ध्वनिमुद्रक, संकलक, शिवणकाम करणाऱ्या बायका, तासावर काम करणारे वादक. चित्रपट संपून नावं वर सरकू लागतात तेव्हा आपण उठून चप्पल शोधत असतो, त्या नावांची ही माणसं. २०२३ मध्ये आधी लेखकांचा आणि मग नटांचा संप झाला, तेव्हापासून त्यांचं काम रोडावलेलं. आमच्या पलीकडच्या घरातला सेटचा सुतार दीड वर्ष मिळेल ते काम करत होता. त्याच्या गॅरेजमधली वडिलांच्या वेळची सगळी हत्यारं गेली, आणि हत्याराशिवाय सुताराला काम नाही. आपल्या बारा फोटोंत तेरावा फोटो त्याचा असता तर चालला असता.

अल्टाडीनाचं आणखी एक सांगायला हवं. ज्या काळात कृष्णवर्णीयांना बाकीच्या ठिकाणी घरासाठी कर्ज मिळत नव्हतं, वस्तीत घेत नव्हते, त्या काळात लेकच्या पश्चिमेला त्यांना घर घेता आलं. समोरच्या आजोबांनी १९७२ मध्ये घेतलं. पोस्टमनच्या पगारावर हप्ते फेडून त्यांनी ते नातवंडांसाठी ठेवलं होतं. आज आमच्या गल्लीत मोकळ्या भूखंडांवर विक्रीच्या पाट्या आहेत आणि घेणाऱ्यांत कंपन्या आहेत. आजोबा विकणार नाहीत म्हणतात. बांधायला मात्र पैसे पुरत नाहीत.

चौथी तक्रार थोडक्यात. ५ जानेवारीला सिनेमा-मालिकांच्या पुरस्कारांचा गोल्डन ग्लोब सोहळा झाला आणि दोन दिवसांनी आग लागली, म्हणून ही देवाची शिक्षा, असं इथेही लोक म्हणाले आणि तिथेही. आमच्याकडे शंभर वर्षांहून जुन्या ज्यू समाजाचं प्रार्थनामंदिर जळालं, मशीद जळाली, चर्च जळाली. आमच्या घरातला देव्हारा जळाला. "हा दैवी न्याय आहे का?" असा प्रश्न विचारून वाचकांची मतं मागवण्याआधी त्या चार राखा समोर ठेवून बघा.

आता जो राग खरा आहे त्याबद्दल. लोक हसले ते निव्वळ दुष्टपणाने नाही. श्रीमंत माणूस संकटातही वेगळ्या रांगेत उभा असतो, हे त्यांना दिसतं आणि ते खरं आहे. २०१८ च्या आगीत काही प्रसिद्ध लोकांच्या घरांभोवती खासगी अग्निशामक होते. २०२५ मध्ये पॅलिसेड्समधलं एक महागडं खरेदी-केंद्र खासगी बंबांनी वाचवलं, आणि त्याच्या आजूबाजूला राख होती. दुसरीकडे हजाराच्या आसपास तुरुंगातले कैदी या आगींशी लढले. तेव्हा त्यांची रोजी होती दिवसाला सहा ते दहा डॉलर, आणीबाणीत तासाला एक डॉलर वर. मीही हे वाचून संतापले. पण या संतापाचा पत्ता कुणाच्या राखेवर नाही. तो पत्ता शोधून देणं हे आपलं काम होतं. पॅलिसेड्सच्या उंचावरच्या तीन टाक्या, प्रत्येकी १० लाख गॅलनच्या, पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या आणि वरच्या गल्ल्यांतले नळ कोरडे पडले. जवळचा ११ कोटी ७० लाख गॅलनचा सँटा इनेझ जलाशय झाकणाच्या दुरुस्तीसाठी जवळपास वर्षभर रिकामा होता. तो भरलेला असता तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, पण तो इतके महिने रिकामा का, हे विचारायला हवं होतं. आमच्या बाजूला पहाटे तीनपर्यंत आदेश का आला नाही, ईटनच्या डोंगरातल्या वीजवाहिन्या इतक्या वाऱ्यात चालू का होत्या, हे विचारायला हवं होतं. हे प्रश्न बिली क्रिस्टल यांच्या घराला लागू होते आणि समोरच्या आजोबांच्या घरालाही. आपण घराची किंमत सांगितलीत आणि दोघांनाही वेगवेगळ्या बातम्यांत टाकलंत. खरं तर आजोबांना कुठल्याच बातमीत टाकलं नाहीत.

आणि हसण्याचे परिणाम होतात. राज्याने पुन्हा उभारणीसाठी केंद्राकडे ४० अब्ज डॉलरच्या आसपास मदत मागितली. वादळात, पुरात सहसा कुणी अटी घालत नाही, पण आमच्या वेळी प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी मदतीला अटी असाव्यात, असं म्हटलं. त्यामागे राजकारण आहे, मला कळतं. पण "तिथे सगळे श्रीमंत नटच राहतात" हे लोकांच्या मनात पक्कं बसलेलं असलं की असं बोलणं सोपं जातं. ते बसवण्यात जगभरच्या मथळ्यांचा हात आहे, आणि मराठी मथळे त्यातून वेगळे नव्हते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जळालेल्या घराची किंमत मथळ्यात आणि फोटोखाली छापू नका. बातमीत गरज असेल तर लिहा, पण मग जमिनीची किती, विम्याची किती, हेही लिहा. नाही कळलं तर आकडा गाळा.

प्रसिद्ध व्यक्तीच्या घराची बातमी देताना त्याच बातमीत, वरच्या भागात, एकूण नुकसान द्या. पॅलिसेड्स आणि ईटन मिळून ३१ माणसं गेली आणि १६ हजारांवर इमारती गेल्या. हे दोन आकडे एका ओळीत मावतात.

आगीची, पुराची, भूकंपाची चित्रं खरी आहेत हे पाहिल्याशिवाय छापू नका. चुकलं तर चूक जिथे आणि जेवढ्या जागेत झाली, तिथेच तेवढ्या जागेत दुरुस्ती द्या.

घर गेलेल्या माणसाबद्दल "पात्र होता की नाही" असा प्रश्न वाचकांपुढे टाकू नका. तो नट असो, पुढारी असो, आपल्याला न आवडणारा कुणीही असो.

आणि एक मागणी मी आग्रहाने करते : वर्षाने बातमी करायची तर मागे वळून यादी करू नका. आज काय आहे ते लिहा. किती घरं उभी राहिली, किती भूखंड विकले गेले, कोणी घेतले, भाडेकरूंचं काय झालं. भाडेकरूंना तर विकायलाही काही नव्हतं.

हे लिहायला माणूस हवा असेल तर मी मदत करीन. आमच्या गल्लीत अकरा घरं होती. त्यांतल्या सात कुटुंबांशी मी बोलले आहे, ती बोलायला तयार आहेत. समोरचे आजोबाही. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मी शेजारी बसून सांगत जाईन. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात असतात. ती वेळ सगळ्यांना सोयीची आहे.

आपली,
अल्टाडीनाची एक वाचक